पुसायच्या भिंती

वाईहून कृष्णेच्या काठानं तीनेक किलोमीटर गेलं की मेणवली लागते. ‘स्वदेस’ सिनेमापासून तिथला घाट सगळ्यांच्या ओळखीचा झाला, पण घाट चढून वाड्यात डोकावणारे त्या मानानं थोडे. वाडा नाना फडणवीसांचा. १७६८ साली हे गाव त्यांना मिळालं, आणि पुढं त्यांनी इथं सहा चौकांचा हा वाडा उभारला. आत चुन्याच्या गिलाव्यावर देवादिकांची चित्रं आहेत. ज्या माणसाचा जन्म दप्तरात गेला, त्यालाही घरची भिंत कोरी नको होती! वाईतच रास्त्यांच्या मोतीबागेतही अशी चित्रं आहेत.

पण चितारी बोलावून भिंती रंगवणारी घरं मूठभर. बाकीच्यांची भिंत मातीची, आणि चितारी म्हणजे घरातलीच आई, आजी, नाहीतर थोरली जाऊ. सणाच्या आधी पांढरी माती कालवून भिंती पोतारायच्या, खाली गेरूचा पट्टा ओढायचा. चुना असेल तर त्यात चिमूटभर नीळ, म्हणजे पांढरा रंग उठून दिसतो. मग श्रावण आला की त्याच भिंतीवर नागपंचमीचे नाग. गंधानं नाहीतर गेरूनं काढलेली नाग-नागीण आणि त्यांची पिल्लं. कुणाच्या नागाला दहाचा आकडा, कुणाचा नुसताच वेटोळ्याचा. घराघराचं वळण निराळं, आणि सून आली की तिच्या माहेरचं वळण त्यात मिसळायचं. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात जिवंत नागांची पूजा व्हायची. न्यायालयाच्या आदेशानंतर तिथंही लोक प्रतिमेकडं वळले. आसपासच्या कितीतरी घरांत नाग आधीपासून भिंतीवरच होता.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. नानांच्या वाड्यातली चित्रं टिकावीत म्हणून काढली होती. आज ती विटत चालली, पोपडे सुटले, की हात लावायला जाणकार माणूस शोधावा लागतो. आजीचा नाग पुढच्या पोतेऱ्याखाली जायचाच होता, म्हणून तो दरसाल नव्यानं काढावा लागे, आणि काढता काढता नातीचा हात तयार होई. पुसलं जात होतं, म्हणून ते चालू राहिलं.

लग्नघराची भिंत या दोन्हींच्या मधली. दारावर गणपती, दोन्ही अंगांना भालदार-चोपदार, केळीचे खांब, आणि ठसठशीत अक्षरात ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ अशी नावं. हे काम गावातल्या पेंटरचं. पुढच्या भावाचं लग्न निघेपर्यंत ती नावं तशीच राहायची. आळीतून एक फेरी मारली की कोणत्या घरात नवी सून आली, हे न विचारता कळायचं. आता त्या जागी फ्लेक्स. हळदीला लागतो, वरात परतली की उतरतो, आणि नंतर गोठ्यावर ताडपत्री म्हणून पसरतो. तेवढा त्याचा उपयोग मात्र मानायला हवा.

घरात तर ऑइलपेंट आला आणि भिंत एकदम सोवळ्यात गेली. खिळा ठोकायचा नाही, हात टेकायचा नाही. जिवतीचा कागदसुद्धा चिकटपट्टीनं कपाटाच्या दारावर लागतो. हजारो रुपये देऊन आपण भिंत धुता येईल अशी करून घेतो आणि मग धुवावी लागेल असं काही तिच्यावर होऊच देत नाही. हे मला अजब वाटतं.

तेव्हा येत्या नागपंचमीला घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला स्वयंपाकघरातली एक हातभर भिंत मोकळी करून द्या. गेरू भिजवून द्या, शेजारी पोरांना बसवा. आणि सूनबाई रंगाच्या काळजीत असतील तर त्यांना सांगा, ऑइलपेंटवरचा गेरू ओल्या फडक्यानं निघतो.