कारखान्यातला धूर : आधी हूड, मग पंखा

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



बेळगावला लोखंडाचे काम नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान याच गावात काढले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला जाईपर्यंत त्यांचा कारखाना इथेच होता. आज उद्यमबागेत फौंड्र्या आणि मशिनशॉप शेजारी शेजारी चालतात. या सभागृहातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते. त्यामुळे कारखान्यातल्या धुराविषयी बोलणे म्हणजे आपल्याच माणसांच्या छातीविषयी बोलणे आहे.

वेल्डिंगच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये दिला. फौंड्रीच्या वाळूतली बारीक सिलिका फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. गॅल्व्हनाइज्ड पत्रा वेल्ड केल्यावर संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, सकाळी उतरतो. आपण म्हणतो, दगदग झाली असेल. तो जस्ताच्या धुराचा ताप असतो.

यावर आपल्याकडचा नेहमीचा उपाय म्हणजे भिंतीत मोठा एक्झॉस्ट फॅन. शेड मोकळी दिसते, पण धूर भिंतीकडे जाताना आधी वेल्डरच्या नाकावरून जातो. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १४ व्या कलमात नेमके हेच सांगितले होते : धूर-धूळ जिथे निर्माण होते, त्याच्या शक्य तितक्या जवळून ती ओढून घ्यावी.

जवळ म्हणजे किती, हे हिशेबाने पाहू. वीस सेंटिमीटर व्यासाचे हूड घेतले आणि वेल्डच्या जागी हवेला सेकंदाला अर्धा मीटर वेग हवा, असे धरले. हूड तीस सेंटिमीटरवर असेल तर तासाला सुमारे १,६७५ घनमीटर हवा ओढावी लागते. तेच पंधरा सेंटिमीटरवर आणले तर सुमारे ४६० पुरतात. अंतर निम्मे केले की काम पाव हिश्शाच्या आसपास येते. हूडाच्या तोंडाला चौफेर पत्र्याची रुंद कड लावली तर त्यातलीही साधारण पाव हवा वाचते. तेव्हा किती एचपीचा ब्लोअर, हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी हूड कुठे आणि कसे बसेल ते ठरवायचे.

दुसरी गोष्ट, नेमके काय ओढायचे आहे? वेल्डिंगचा धूर हलका असतो, त्याला डक्टमध्ये सेकंदाला दहा-बारा मीटर वेग पुरतो. ग्राइंडिंगची धूळ जड, तिला वीसच्या आसपास वेग लागतो, नाहीतर ती वळणावळणावर साचते. ग्राइंडरच्या ठिणग्या थेट कापडी बॅग फिल्टरमध्ये गेल्या तर बॅग पेटते, म्हणून आधी ठिणगी अडवणारा टप्पा हवा. सीएनसीवरच्या कूलंटच्या तेलकट धुक्याने तीच बॅग चिकटून बंद पडते, त्याला वेगळा मिस्ट कलेक्टर लागतो. ॲल्युमिनियमची धूळ लोखंडाच्या धुळीत कधीही मिसळू नये, तिथे स्फोटाचा धोका असतो. एकाच यंत्रात सगळे होईल असे कोणी सांगितले, तर जरा थांबावे.

तिसरी गोष्ट, बाहेर गेलेल्या हवेइतकीच हवा आत यायला हवी. बेळगावच्या पावसात आपण शटर खाली ओढून बसतो. मग चांगला ब्लोअरही नुसता घरघरतो. हवा आत यायची वाट आधीच ठेवावी, आणि ती कामगाराच्या पाठीमागून नव्हे तर बाजूने, नाहीतर त्याच्याच अंगाआड धूर घोटाळतो.

चौथी गोष्ट वेल्डरला विचारायची. हलवता येणारा हात घ्यायचा असेल तर ऑर्डर देण्याआधी तो त्याच्याकडून एका हाताने हलवून घ्या. जड असेल तर दोन दिवसांनी तो कोपऱ्यात उभा राहील आणि आपले पैसेही. काम एकाच जागी होत असेल तर मागून ओढणारे पक्के टेबल बरे. छोट्या शेडने सगळे एकदम करायची गरज नाही. सर्वात जास्त धूर होतो, त्या एका टेबलापासून सुरुवात करावी.

यंत्र बसल्यावर पुरवठादाराकडून हूडाच्या तोंडाशी हवेचा वेग मोजून लेखी घ्यावा. फिल्टर किती तुंबला ते दाखवणारे गेज मागून घ्यावे. रोजची परीक्षा सोपी आहे : काम सुरू होण्यापूर्वी वेल्डच्या जागी उदबत्ती धरायची. धूर सरळ हूडात गेला तर ठीक, चेहऱ्याकडे वळला तर हूड सरकवायचे.

मास्क वापरावाच, पण तो शेवटचा आधार आहे. आपल्याकडे काम करणारा मुलगा साठीनंतरही जिना चढताना धापा टाकू नये, एवढा हिशेब यंत्राच्या किमतीत धरला, तर ते महाग वाटणार नाही.