महिन्याचे औषध एका सुईत

आमच्या अण्णांना प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झाला. डॉक्टरांनी महिन्यातून एक सुई घ्यायला सांगितली. अण्णांचा जन्म हिशेबात गेलेला. घरी येताच त्यांनी विचारले, "अरे, तीस दिवसांचं औषध आजच अंगात गेलं, तर उद्याला काय उरणार?" मी पडलो मराठी शिकवणारा. मला उत्तर येईना. रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याने समजावून दिले, तेच आपल्यापुढे ठेवतो.

चिमूटभर पिठीसाखर जिभेवर क्षणात विरते. तेवढ्याच वजनाचा खडीसाखरेचा खडा पुष्कळ वेळ पुरतो. साखर तीच, विरघळण्याची चाल निराळी. सुईतले औषधही मोकळे नसते. पॉलिमरच्या, म्हणजे लहान रेणूंची साखळी जोडून केलेल्या पदार्थाच्या, केसाहून बारीक कणांत ते कोंडलेले असते. ही साखळी लॅक्टिक व ग्लायकॉलिक या दोन आम्लांची. पैकी पहिले आपल्या दह्यातलेच! शरीरातल्या पाण्याने साखळीचे दुवे हळूहळू तुटतात, औषध झिरपते, आणि उरलेली आम्ले शरीर पचवून टाकते. शस्त्रक्रियेतले आपोआप विरणारे टाकेही याच जातीचे. आम्लांचे प्रमाण बदलले, की विरण्याची मुदत बदलते.

मोठे रेणूदेखील पॉलिमरमधून सावकाश सोडता येतात, हे १९७६ साली बोस्टनच्या रॉबर्ट लँगर व ज्यूडा फोकमन यांनी दाखविले. अण्णांचे ल्युप्रोलाइड पूर्वी रोज टोचावे लागे. १९८९ साली अमेरिकेत त्याच्या मासिक सुईला मान्यता मिळाली.

आता याहून कितीतरी लहान, नॅनो कणही करतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. असा कण रक्तातून फिरून पेशीतही शिरू शकतो. पण कण जितका लहान, तितके त्याचे अंग अधिक उघडे. म्हणून बरेचसे औषध पहिल्याच दिवशी सुटून जाण्याची भीती असते.

खडीसाखरेचा दाखला ऐकून अण्णा म्हणाले, "म्हणजे रक्कम एकदम भरायची, खर्च रोज थोडा. पण मध्येच खातं बंद करायचं झालं तर?"

प्रश्न बिनतोड होता. गोळी सोसली नाही तर उद्या थांबवता येते. टोचलेली सुई माघारी घेता येत नाही. तेव्हा अशी सुई घेण्यापूर्वी डॉक्टरांना दोन गोष्टी अवश्य विचारा : त्रास झाला तर काय करायचे, आणि पुढची तारीख कोणती? ती तारीख चुकवू नका. अण्णांनी ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईने लिहून ठेवली आहे.