बसच्या साच्यातील रेल्वेगाडी

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग घडविणाऱ्या कामगाराला नमुन्याचे मोल सांगावे लागत नाही. पहिला नमुना चुकतमाकत उभा राहतो, त्यावरून हजारो नग निघतात. नमुना मात्र भंगारात जातो. इंग्लंडमधील एक नमुना या गतीतून वाचला.

१९७८ साली ब्रिटिश रेल्वेच्या संशोधन विभागाने मालडब्यांवरील संशोधनावर बेतलेला दोन आसांचा सांगाडा घेतला आणि त्यावर लेलँड कंपनीच्या ‘नॅशनल’ बसचे भाग जोडून प्रवासी गाडी उभारली. तोट्यातील शाखामार्गांवर स्वस्त गाडी धावावी, हा हेतू. यातूनच १९८०च्या दशकात ‘पेसर’ गाड्या निघाल्या. त्यांचे धक्के आणि वळणावरचा कर्कश आवाज उत्तर इंग्लंड व वेल्समधील सामान्य प्रवाशांनी २०२१पर्यंत सोसला.

मूळ गाडी ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहात घेण्यात आली. ते योग्यच झाले. कारण ती दुहेरी साक्ष देते. काटकसरीने शाखामार्ग जगविता येतो, ही एक. आणि त्या काटकसरीचा भार नेहमी त्याच प्रवाशांच्या माथी येतो, ही दुसरी. विदर्भातील ‘शकुंतला’चा अरुंद मार्ग बंद पडलेला पाहणाऱ्यांना हा प्रश्न परका नाही.

संस्थानिकांचे शाही डबे संग्रहालयात जपले जातात. श्रमिकांनी घडविलेले नमुने हेही इतिहासाचे दप्तरच होय. भंगाराची निविदा निघण्यापूर्वी त्यांची नोंद व्हावी, घडविणाऱ्यांची नावे त्यांवर राहावीत, ही मागणी कामगार संघटनांच्या मागणीपत्रात आली पाहिजे.