आकडे तेच, जागा बदलली

मंडळी, आज आम्ही एका मोठ्या संख्येची गोष्ट सांगणार आहोत. पाटी घ्या आणि लिहा : १,४२,८५७. वाचा बरे. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न.

ही संख्या आली कुठून? समजा, सात भाऊ आहेत. जमिनीचे दहा लाख रुपये आले. सारखी वाटणी करायची आहे. प्रत्येकाला १,४२,८५७ रुपये मिळतात आणि एक रुपया उरतो. त्या एका रुपयावरून भांडू नका म्हणजे झालं!

आता वीस लाख आले तर? वाटा दुप्पट होईल : २,८५,७१४. नीट पाहा. आकडे तेच आहेत! पुढचे १ आणि ४ उठले आणि मागे जाऊन बसले. तिप्पट करा : ४,२८,५७१. या वेळी एकटा १ मागे गेला. चौपट करा, पाचपट करा, सहापट करा. हेच सहा आकडे रिंगण धरल्यासारखे फिरतात. घरी करून पाहा, आमच्यावर विश्वास ठेवू नका.

सातपट केली की रिंगण मोडते. येतात सगळे नऊ : ९,९९,९९९. दहा लाखांना एक कमी. तो एक म्हणजे आपला उरलेला रुपया.

नाशिकजवळ देवळालीला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. १९०५ साली जन्मले, १९८६ साली वारले. त्यांना संख्यांचा फार नाद. ४५ ला ४५ ने गुणा : २०२५. मधून तोडा : २० आणि २५. मिळवा : पुन्हा ४५! अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. आपली १,४२,८५७ त्याच कुळातली आहे.

पण खेळ पुरे. १,४२,८५७ आणि ४,२८,५७१ यांत फरक किती? २,८५,७१४ रुपयांचा! हलला फक्त एक १. अंगठा उठवण्याआधी म्हणूनच आकडा वाचायचा. आणि या फरकाला ९ ने भाग जातो. आकडे तेच ठेवून जागा बदलल्या, तर फरकाला ९ ने भाग जातोच. कारण सोपे आहे. दशकातला १ म्हणजे दहा. तो एककात आला की एक. फरक नऊचा.

एकदा एका संस्थेचा हिशेब जुळेना. वहीपेक्षा रोकड ३६ रुपये कमी भरली. लोक वसुली करणाऱ्या पोराकडे बोट दाखवू लागले. पोरगा रडकुंडीला आला. आम्ही म्हणालो, "थांबा. ३६ ला ९ ने भाग जातो. आधी पावत्या काढा." तेवढ्यावरून चूक सिद्ध होत नाही, पण शोध कुठून सुरू करावा ते कळते. दिवेलागणीपर्यंत एकेक पावती वहीशी ताडून पाहिली. शेवटी सापडली. पावतीवर ४८ होते, वहीत ८४. आणि वही लिहिणारा पोरगा नव्हताच, दुसराच होता.