शंबूकाचा प्रश्न

रामायणाच्या उत्तरकांडात एक गोष्ट आहे. ती सांगताना भल्याभल्यांचा आवाज जरा खाली येतो. एका वृद्ध ब्राह्मणाचा लहान मुलगा मरतो. बाप ते प्रेत घेऊन अयोध्येच्या राजद्वारी येतो आणि म्हणतो, राजाच्या हातून काही पाप घडल्याशिवाय असे अकाली मरण यायचे नाही. नारद कारण सांगतात : राज्यात कोणी शूद्र तप करीत आहे. राम पुष्पकातून शोधाला निघतो. दक्षिणेकडे एका सरोवराकाठी उलटे टांगून घेतलेला तपस्वी त्याला दिसतो. राम त्याचा वर्ण विचारतो. तपस्वी खोटे बोलत नाही. शूद्र आहे, नाव शंबूक, असे तो सांगतो. बोलणे पुरे होते न होते तोच त्याचे मस्तक धडावेगळे होते. देव फुले उधळतात. तिकडे मूल जिवंत होते.

आता, घरातल्या एखाद्या मुलाने ही गोष्ट वाचून विचारले, ‘याला देव कसे म्हणायचे?’ तर आपण काय सांगतो?

एक उत्तर ठरलेले आहे. उत्तरकांड प्रक्षिप्त आहे, मागाहून जोडलेले आहे. पुष्कळ विद्वानांचे मत तसे आहे खरे. पण बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने अनेक हस्तलिखिते ताडून १९६० ते १९७५ या काळात रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली, तिच्या उत्तरकांडात ही कथा कायम आहे. आणि समजा, ती मागाहून आली. तरी कोणीतरी ती रचलीच ना? पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ती उतरून घेतली, ऐकली, माना डोलावल्या. ‘प्रक्षिप्त’ म्हटल्याने एक वेळ रामाची सुटका होईल, आपली कशी होणार?

दुसरे उत्तर असे, की देवाच्या हातून मरण आले, त्याचा उद्धार झाला. हे उत्तर शंबूकाला विचारून दिलेले नाही, एवढेच म्हणतो.

हा प्रश्न आजच्या शिकलेल्या पोरांचाच आहे, असे मात्र समजू नका. विदर्भातील पद्मपूरचा मानला जाणारा भवभूती आठव्या शतकातला. त्याच्या ‘उत्तररामचरिता’त रामाचा हात सहजासहजी उठत नाही. गर्भवती सीतेला वनात धाडणाऱ्या रामाचाच तू हात, तुला दया कुठली, असे राम स्वतःच्या उजव्या हाताला सुनावतो, तेव्हा कुठे वार होतो. जैन कवी विमलसूरीने ‘पउमचरिया’त प्रसंगच बदलला : तिथे शंबूक लक्ष्मणाच्या हातून, नकळत मरतो. कन्नड कवी कुवेंपू यांनी १९४४ साली ‘शूद्र तपस्वी’ हे नाटक लिहिले. त्यात रामाचे अस्त्र शंबूकाला सोडून तक्रार घेऊन आलेल्या ब्राह्मणावरच उलटते. ही सारी माणसे रामकथेवर लोभ असलेली. पण हा घास त्यांच्या घशाखाली उतरला नाही.

डॉ. आंबेडकरांनी लाहोरसाठी लिहिलेल्या, पण करू न दिलेल्या १९३६च्या भाषणात या प्रश्नाच्या मुळालाच हात घातला. त्यांचे म्हणणे, एकट्या रामाला दोष देऊन भागणार नाही. चातुर्वर्ण्य टिकवायचे म्हटले की शिक्षेचा धाक लागतोच, आणि राजा म्हणून राम तेच करीत होता.

माझ्यापुरते विचाराल, तर रामनाम टाकावेसे मला वाटत नाही. पण या कथेपुढे मान डोलावणेही जमत नाही. दोन्ही गोष्टी एकाच मनात नांदू शकतात. ‘हे चुकले’ एवढे म्हणताच जी श्रद्धा मोडून पडते, ती मुळात कितीशी पक्की होती? मुलाने विचारले, तर त्याला गप्प बसवू नये. त्याच्याबरोबर बसून ती कथा पुन्हा वाचावी आणि आपल्यालाही ती खुपते, हे मोकळेपणी सांगावे.

आणखी एक. शंबूकाचा जीव गेला तो विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर दिल्यामुळे. ‘आडनाव काय? कुठले तुम्ही?’ खोली भाड्याने देताना, पाण्याचा पेला पुढे करण्याआधी, आपल्यापैकी कितीतरी जण अजून हा प्रश्न विचारतात. तो कशासाठी विचारतो, हे विचारणाऱ्याला पक्के ठाऊक असते. रामाचा न्याय आपण जरूर करावा. पण तेवढ्यावर थांबू नये.