संमोहनाच्या खुर्चीवर काय घडते?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



संमोहन हा शब्द काढला की आपल्या डोळ्यांपुढे जादूगार उभा राहतो. तो हवेत बोटे फिरवतो आणि समोरचा माणूस कच्चा बटाटा सफरचंद समजून मिटक्या मारीत खातो. त्यामुळे मी संमोहनाचा उपचार घेतला हे कळल्यावर पुष्कळजणींनी मला जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी गाठून प्रश्न विचारले. चिटणीसताईंनी मग सर्वांना प्रश्न चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायला सांगितले. चौदा चिठ्ठ्या निघाल्या. मी सातवी शिकलेली बाई. शास्त्र सांगण्याचा अधिकार माझा नाही. पण त्या खुर्चीवर मी बसले आहे, उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितले ते नीट ऐकले आहे आणि मिळाले तेवढे वाचले आहे. त्या शिदोरीवर उत्तरे देते.

आधी अडचण काय होती ते सांगते. माझी दाढ किडून मुळाशी पू धरला होता. गाल सुजे, ताप येई. दाढ काढण्यावाचून गत्यंतर नाही, पू पसरला तर जिवावर बेतेल, असे दातांच्या डॉक्टरांनी बजावले होते. पण सुई तोंडाजवळ आली की माझे हातपाय गार पडत, छाती धडधडे आणि मी खुर्चीवरून उठे. असे दोनदा झाले. औषधाने सूज उतरे आणि पुन्हा येई. शेवटी त्या डॉक्टरांनीच मला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बाईंकडे धाडले.

पहिल्या दिवशी संमोहन झालेच नाही. पाऊण तास नुसते बोलणे झाले. ही भीती केव्हापासून, दुसरे आजार कोणते, औषधे कोणती चालू आहेत, फिट येतात का, पूर्वी मनाचा आजार झाला होता का, हे सारे बाईंनी विचारून लिहून घेतले. पुढे काय करणार तेही सांगितले आणि “तुम्हाला मान्य आहे का?” असे विचारले. मान्य नसेल ते करायचे नाही, हा पहिला नियम. सोबत कोणाला आणले तरी चालेल म्हणाल्या, म्हणून मी जाऊबाईंना नेले होते.

दुसऱ्या खेपेस आरामखुर्चीवर बसवले. भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे पाहायचे आणि श्वास सावकाश सोडायचा. मग कपाळ, जबडा, खांदे, हात, पाय असे एकेक अंग सैल सोडायचे. पापण्या जड झाल्या तशा मिटल्या. बाई दहापासून उलटे अंक मोजीत होत्या. नंतर म्हणाल्या, “तुमच्या आवडीच्या जागी मनाने जा.” मी माहेरच्या पडवीत गेले. पागोळ्यांचा आवाज, ओल्या मातीचा वास, सारे आठवले. मग हात माठातल्या गार पाण्यात बुडवला आहे, बोटे बधिर होत आहेत, अशी कल्पना करायला लावली आणि तोच हात गालाला लावायला सांगितला. गाल खरोखरच जडसा वाटला. त्यानंतर दातांच्या दवाखान्याचे दार, खुर्ची, वरचा दिवा, सुई असे एकेक पाऊल मनात टाकायचे. भीती चढली तर बोट उचलायचे, की बाई थांबणार. मी दोनदा बोट उचलले आणि त्या दोन्ही वेळा थांबल्या. शेवटी एक ते पाच अंक मोजून डोळे उघडायला सांगितले. मला वाटले दहा मिनिटे झाली असतील. घड्याळात पस्तीस झाली होती. जरा गुंगी होती. लगेच गाडी चालवू नका, असे सांगून त्यांनी थोडा वेळ बसवून ठेवले.

आता चिठ्ठ्यांकडे वळू. झोप लागते का? नाही. मला शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू आली, रस्त्यावरची भंगारवाल्याची हाकही ऐकू आली. फक्त तिकडे लक्ष द्यावेसे वाटले नाही. भरतकाम करताना आपण टाके मोजतो आणि हाक ऐकूनही ‘ओ’ देत नाही, तसे. जेम्स ब्रेड या स्कॉटिश डॉक्टरांनी १८४३ च्या आपल्या ग्रंथात या विद्येला ग्रीक भाषेतील झोपेच्या शब्दावरून नाव दिले. ही झोप नव्हे हे पुढे त्यांनाच पटले, पण तोवर नाव रुळले होते.

आणि जाग आलीच नाही तर? तसे होत नाही. बाई मध्येच उठून गेल्या, तरी आपण काही वेळाने आपणच डोळे उघडू. फार तर साधी डुलकी लागेल.

सहा चिठ्ठ्यांत एकच प्रश्न होता: तोंडून नको ते बाहेर पडले तर? भगिनींनो, हा प्रश्न मला अगदी कळतो. प्रत्येकीच्या पोटात दोनचार गोष्टी असतात. त्या कोणी काढून घेतल्या तर घरात तोंड दाखवायला जागा उरायची नाही, ही धास्ती असते. पण तसे घडत नाही. त्या अवस्थेत आपल्याला शुद्ध असते. बोलायचे नसेल तर गप्प राहता येते आणि ‘नको’ म्हणता येते. आपल्या कमरेची किल्ली आपल्याच कमरेला राहते.

मात्र धोका दुसरीकडे आहे. त्या अवस्थेत मन सांगितलेल्या गोष्टी रंगवून उभ्या करते आणि मग त्या खऱ्याच घडल्या होत्या असे वाटू लागते. म्हणून ‘मागच्या जन्मीचे दाखवतो’, ‘विसरलेले सारे बाहेर काढतो’ असे म्हणणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये.

मग ही शक्ती कोणाची? याचे उत्तर आपल्या शेजारच्या गोव्याच्या एका सुपुत्राने दिले आहे. आबे फारिया हे पाद्री १७५६ साली कांदोळी गावी जन्मले. लिस्बनला राणीपुढे प्रवचनास उभे राहिले असता त्यांची बोबडी वळली, तेव्हा वडिलांनी कोकणीत हळूच सांगितले की ही सगळी भाजी आहे, खुशाल काप. आणि भीती पळाली, अशी आख्यायिका आहे. याच फारियांनी १८१३ साली पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करून सांगितले की, यात कोणाच्या अंगातील चुंबकशक्ती नाही. जे घडते ते समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनामुळे घडते. पणजीला जुन्या सचिवालयाजवळ त्यांचा १९४५ साली उभारलेला पुतळा आहे. त्यात ते हात पसरून उभे आहेत आणि पुढे एक स्त्री कलली आहे. पाहणाऱ्याला वाटावे, सारे सामर्थ्य त्या हातांत आहे. फारियांची शिकवण नेमकी उलट होती, हे आपण बायकांनी ध्यानात ठेवावे.

सगळ्यांना गुण येतो का? नाही. काहीजणी त्या अवस्थेत चटकन जातात, काहींना ती साधतच नाही, बहुतेकजणी मधल्या. दातांची भीती, बाळंतपणाच्या कळा, आतड्यांच्या काही चिवट तक्रारी यांत उपयोग होतो. पण ते चालू औषधांच्या जागी घ्यायचे नाही आणि भास होणाऱ्या रोग्याला परस्पर तर मुळीच द्यायचे नाही. उपचार करणारी व्यक्ती मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे ना, हे विचारून घ्यावे. विचारण्यात संकोच कसला? आपण तांदूळसुद्धा हातावर घेऊन पाहतो.

माझे म्हणाल तर दोन बैठका झाल्या आणि मधल्या काळात घरी रोज दहा मिनिटे सराव केला. दाढ काढताना बधिर करण्याची सुई घ्यावीच लागली, तळहातही घामेजले. पण मी उठले नाही. दाढ निघाली. चमत्कार म्हणाल तर एवढाच.

चौदावी चिठ्ठी प्रश्नाची नाही. तीत लिहिले आहे, “मला सुईचे नाही, रात्रीचे भय वाटते. झोप गेली आहे. घरी सांगता येत नाही.” खाली नाव नाही आणि मी अक्षर ओळखण्याचा प्रयत्न केलेला नाही. त्या बहिणीला सांगते, तुझ्यासाठी संमोहन की आणखी काही, हे मी ठरवू शकत नाही. ते डॉक्टर ठरवतील. २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रीअपरात्रीही फोन करता येतो आणि मराठीतून बोलता येते. आणि दवाखान्यात जायचे ठरले तर मला नुसती हाक मार. मी बाहेरच्या बाकावर बसेन, काही विचारणार नाही. माझ्या जाऊबाई माझ्यासाठी बसल्या होत्या, तशीच.