हयातीतले चार शब्द
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



माझी मुलगी जपानमध्ये असते. तिच्या शेजारच्या आजी 77 वर्षांच्या झाल्या, तेव्हा सगळ्या शेजाऱ्यांनी मिळून एक कार्ड केलं. 'शिकिशी' नावाचा जाड पुठ्ठा, साधारण 24 बाय 27 सेंटिमीटरचा. मधोमध आजींचं नाव, भोवती गोलाकार प्रत्येकाच्या हातच्या दोन-दोन ओळी, कडेला कागदाची जांभळी फुलं. असं मिळून लिहिण्याला तिकडे 'योसेगाकी' म्हणतात.

साठीला लाल रंग, सत्त्याहत्तरीला जांभळा. 'आनंद' या अर्थाचं त्यांचं अक्षर भरभर लिहिलं की सत्त्याहत्तरच्या आकड्यासारखं दिसतं, म्हणून या वाढदिवसाचं नाव 'किजू', आनंदाचं वय! आपल्याकडे तरी वेगळं काय? सत्त्याहत्तराव्या वर्षी आपणही भीमरथी शांत करतोच की.

पण मंडळी, एक गोष्ट मला खटकते. आपल्या नोटीस बोर्डावर माणसाचं कौतुक लागतं ते तो गेल्यावर. माझ्या आजारपणात वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ महिनाभर डबा पोचवत होते. ते मी सगळ्यांसमोर सांगितलं, पण त्यांच्या शोकसभेत. आयुष्यभर बँकेत हिशेब जुळवले, आणि हे देणं मात्र थकीतच राहिलं.

म्हणून यंदा ज्यांची पंचाहत्तरी आहे, त्यांच्यापासून सुरुवात करू. पुठ्ठा मी आणतो. फुलं मुलांनी करावीत. दोन ओळी मात्र प्रत्येकानं स्वतःच्या हातानं लिहायच्या.